सुकाणूतील ढिलाई : व्हिक्टोरियापासून पिकअपपर्यंत

गणेशोत्सवाच्या आधी परळ-लालबागच्या कार्यशाळांतून उंच मूर्ती बाहेर पडू लागतात. ट्रक किंवा जुनी पिकअप माणसाच्या चालीने पुढे सरकत असते. तरीही चालकाचे हात स्टिअरिंगवर सारखे डावी-उजवीकडे हलताना दिसतात. तो खड्डे चुकवत असावा असे आपल्याला वाटते. पण रस्ता सरळ आणि सपाट असतानाही हात तसेच हलत असतील, तर कारण वेगळे असते. गॅरेजमधले मिस्त्री त्याला एका शब्दात सांगतात : ‘प्ले आलाय.’ म्हणजे स्टिअरिंग थोडे फिरवले तरी पुढची चाके जागची हलत नाहीत. ही ढिलाई येते कोठून, हे समजण्यासाठी आपल्याला घोडागाडीपर्यंत मागे जावे लागेल.

बैलगाडीला दोनच चाके. बैल वळले की गाडी वळते, सुकाणूची गरजच नसते. मुंबईतील व्हिक्टोरियाला मात्र चार चाके होती. (या गाड्यांतून हौसेखातर मारल्या जाणाऱ्या फेऱ्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या.) तिची पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, ‘का?’ असे मात्र फार थोड्यांनी विचारले असेल. अशा गाडीत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरतो, आणि वळताना चाक गाडीच्या पोटाखाली जावे म्हणून ते लहान ठेवतात. या रचनेत सांधा एकच. पण आस तिरका झाला की आधाराचा पाया अरुंद होतो आणि गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय एक चाक दगडावर आपटले तर सगळा आस हिसका देऊन फिरतो.

यावरचा उपाय म्युनिकचा गाड्या बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने शोधला. आस जागेवरच ठेवायचा आणि टोकाचे प्रत्येक चाक आपापल्या खिळ्याभोवती फिरवायचे, ही त्याची कल्पना. तिचे इंग्लंडमधील पेटंट रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये घेतले, म्हणून आज ही रचना आकरमानच्याच नावाने ओळखली जाते. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. त्यामुळे आतले चाक थोडे अधिक वळावे लागते. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्या आणि त्यांचे तिरके हात हे काम साधतात.

घोडागाडीवाल्यांना ही युक्ती फारशी पटली नाही. तिचे दिवस आले ते मोटारीबरोबर. कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीला तीनच चाके होती, कारण चार चाकांच्या सुकाणूचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते सापडल्यावर १८९३ मध्ये त्याने चारचाकी गाडी आणली. तिचे नाव होते ‘व्हिक्टोरिया’!

मात्र या शोधाची एक किंमत होती. एका सांध्याच्या जागी अनेक सांधे आले. सांधा फिरायचा तर त्यात किंचित मोकळीक हवीच, आणि घर्षणाने ती वाढत जाणार. मुंबईच्या ट्रामने ही किंमत कधी दिली नाही. १८७४ ते १९६४ या नव्वद वर्षांत, आधी घोड्यांनी ओढलेली आणि पुढे विजेवर धावणारी ट्राम रुळांनी नेले तिकडे गेली. पण समोर हातगाडी आडवी आली, तर तिला बाजूला होणेही शक्य नव्हते.

मोटारींची जुळणी परळपासून जवळच, शिवडीत, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये सुरू केली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी माझगावात विलीस जीपची जुळणी हाती घेतली. या जीपचे सुकाणू आपल्या विषयाचा उत्तम नमुना आहे. स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला हात एक लांब दांडा (ड्रॅग लिंक) ढकलतो. हा दांडा पुढे मध्यभागी असलेला बेलक्रँक फिरवतो. आणि बेलक्रँक दोन टायरॉड ओढून चाके वळवतो. बॉक्स आणि किंगपिन सोडूनही हे सात सांधे होतात.

आता थोडे गणित करू. समजा, झिजलेल्या सांध्यांचा एकत्रित वाव ३ मिलिमीटर आहे आणि चाकाजवळचा हात १५ सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे चाकापाशी सुमारे १.१५ अंशांची ढिलाई झाली. स्टिअरिंग १५ अंश फिरवल्यावर चाक १ अंश वळते असे धरले, तर चालकाच्या हातापाशी ती १७ अंश होते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर मोजल्यास हे अंतर जवळजवळ ६ सेंटिमीटर भरते!

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम स्टिअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त ढिलाई चालू देत नाही. ही मर्यादा गाठलेली गाडी मध्यापासून प्रत्येक बाजूला १५ अंश, म्हणजे चाकापाशी १ अंश, मोकळी असते. दोन मीटर अंतरावर आस असलेल्या गाडीचे चाक १ अंश कलले, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाने ती एका सेकंदात सुमारे ४३ सेंटिमीटर बाजूला सरकेल. ताशी ७२ किलोमीटर वेगाला हेच अंतर १.७ मीटर होते. वेग दुप्पट, सरकणे चौपट! लालबागच्या गर्दीत जे सांभाळून घेता येते, ते महामार्गावर जिवावर बेतते.

दोष शोधायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. क्रम मात्र पाळावा लागतो. इंजिन बंद ठेवून चाके सरळ करावीत. एकाने स्टिअरिंग हलके डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर हात ठेवत जावे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी स्थिर राहते, तेथे वाव आहे. नंतर गाडी जॅकवर उचलून, भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. किंगपिन किंवा बेअरिंग झिजले असेल तर ते येथे कळते. बॉक्सचे बूड आणि पाट्यांचे बोल्ट घट्ट आहेत ना, हेही पाहावे.

पुष्कळांचा हात आधी बॉक्सच्या स्क्रूकडे जातो, आणि नेमकी तीच चूक ठरते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्समधले दाते मध्यावर जास्त आणि टोकांना कमी झिजतात. मधला वाव संपेपर्यंत स्क्रू आवळला, तर वळणावर स्टिअरिंग अडकते; वळून परत सरळ व्हायला तयार होत नाही. झिजलेला टायरॉड मात्र तसाच राहतो. म्हणून आधी सांधे बदलावेत, मग बॉक्सकडे वळावे, आणि शेवटी चाकांची दिशा जुळवून घ्यावी.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. जाड पुठ्ठ्याच्या पाच-सहा पट्ट्या टाचण्यांनी साखळीसारख्या जोडून एका टोकाला बाण लावावा आणि दुसरे टोक हलवावे. मग एकच भोक थोडे मोठे करावे. बाण किती उशिरा हलतो ते मुलांना मोजू द्यावे, आणि सैल सांधा कोणता ते बोटांनी शोधू द्यावे. लक्षण दिसते एका ठिकाणी आणि कारण असते दुसरीकडे, हे त्यांना पाठांतराशिवाय उमगेल. आणि शाळेच्या सहलीची गाडी दारात उभी राहील, तेव्हा तिचे स्टिअरिंग किती रिकामे फिरते हे पाहण्याची सवय आपल्यालाही लागेल.