बागेआधी पाणी : ताडकळस परिसर आणि मराठवाड्याच्या उद्यानकलेचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव गोदावरी आणि तिची उपनदी पूर्णा यांच्या दरम्यानच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेले असून, या पट्ट्यातील बागांचा इतिहास सांगायचा झाल्यास आधी पाण्याचा इतिहास सांगावा लागतो. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली येथील माती पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगा पडताना झाडाची कोवळी मुळे तुटतात, तर निचरा, म्हणजे जास्तीचे पाणी वाहून जाण्याची सोय, नसेल तर तीच मुळे कुजतात. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने झाड साठवलेल्या किंवा उपसलेल्या पाण्यावर जगवावे लागते. त्यामुळे उद्यानरचनाकार, म्हणजे जमिनीचा उतार, माती, पाणी, वाटा आणि लागवड यांचा एकत्र विचार करून बाग आखणारा कारागीर, हा मराठवाड्यात पाण्याचा जाणकार असल्याखेरीज उभाच राहू शकला नाही. इतिहासाने बागांची नावे राजांशी आणि बेगमांशी जोडून ठेवली. ज्यांच्या हातांनी त्या बागा जगल्या त्या माळ्यांची नावे मात्र क्वचितच कोठे उरली आहेत, आणि ही या विषयाच्या अभ्यासातील सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल.

या प्रदेशाशी संबंधित उद्यानविषयक जुने लेखन बाराव्या शतकातले आहे. मराठवाड्याचा मोठा भाग ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ज्ञानकोशवजा ग्रंथात राज्यकारभार, पाककला, संगीत आणि क्रीडा यांच्या जोडीने उद्यानाची आखणी व वृक्षांची निगा यांचेही विवेचन आहे. वृक्षांच्या निगेच्या या शास्त्राला वृक्षायुर्वेद म्हणत आणि त्यात बियांवर करावयाचे संस्कार, खतांचे मिश्रण, झाडांचे रोग व त्यांवरील उपचार यांचा समावेश होई. ग्रंथ राजाच्या दृष्टीने लिहिलेला असल्यामुळे त्यातील बाग ही प्रामुख्याने रमण्याची जागा आहे. भर उन्हात त्या बागेला पाणी कोणी आणि किती खोलीवरून काढून घातले, हा प्रश्न ग्रंथकाराला पडलेला दिसत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांपेक्षा दगडी बांधकामांत अधिक स्पष्टपणे सापडते. परभणी जिल्ह्यात वालूर, चारठाणा आणि पिंगळी येथे असलेल्या बारवा, म्हणजे पाण्यापर्यंत पायऱ्यांनी उतरता येणाऱ्या बांधीव विहिरी, पाण्याच्या पातळीचा बारकाईने अभ्यास करून बांधलेल्या आहेत. वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात आणि पाणी उन्हाळ्यात कितीही खोल गेले तरी त्याच्या काठापर्यंत माणूस पोहोचू शकतो. शेतीसाठी मात्र साधी विहीर आणि मोट यांवरच पिढ्यान्‌पिढ्या भिस्त राहिली. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. नाडा नावाच्या जाड दोराने ती बैलांना जोडलेली असे, बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, खाली चालू लागले की मोट वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडून पाटाने वाफ्यांकडे वाही. एका मोटेने दिवसभरात जेवढे वाफे भिजतील तेवढाच मळा, हे गणित इतके कठोर होते की वाफ्याची लांबी, पाटाचा उतार आणि झाडांतील अंतर ही सर्व मापे त्यातूनच ठरत गेली. राजाच्या उद्यानाची आणि कुणब्याच्या मळ्याची आखणी याच एका नियमाने बांधलेली होती. फरक होता तो पाण्याच्या साठ्याचा.

हा साठा वाढवण्याचा सर्वांत मोठा उद्योग सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर याने केला. निजामशाहीच्या या वजिराने 1610 मध्ये खडकी येथे नगर वसवले, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते, आणि त्यासाठी नहर-ए-अंबरी ही जलवाहिनी बांधून घेतली. नहर म्हणजे कालवा. परंतु ही नहर जमिनीखालून जाते. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत चरांत गोळा करून ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले, मार्गात हवा खेळण्यासाठी व गाळ काढण्यासाठी ठरावीक अंतरावर तोंडे ठेवली गेली आणि पाण्याचा दाब आवरण्यासाठी दगडविटांचे मनोरे उभारले गेले. पुढे मुघल काळात आणखी नहरी जोडल्या गेल्या, आणि अठराव्या शतकात पाणचक्की येथे डोंगरातून आणलेल्या पाण्यावर पिठाची चक्की चालवून शिवाय मोठा हौदही भरला जाऊ लागला. त्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, ही योजना आजही पाहणाऱ्याला थक्क करते.

औरंगाबादच्या मुघल बागा या नहरींच्या आधाराने फुलल्या. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिचे 1657 मध्ये निधन झाल्यानंतर तिच्या कबरीवर उभा राहिलेला बीबी का मकबरा हा सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आवारात असून त्याची रचना चारबाग पद्धतीची आहे. चारबाग म्हणजे एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या जलमार्गांनी आणि वाटांनी चौरस भागांत विभागलेली बाग. या पद्धतीत वाटा उंच आणि ताटवे सखल ठेवतात. त्यामुळे पाटाचे पाणी सोडताच ते वाफ्यांत आपोआप पसरते, वाटा कोरड्या राहतात आणि चालणाऱ्याच्या पावलांच्या पातळीवर फुले येतात. कारंजे उडवण्यासाठी पाण्याची टाकी उंचावर असावी लागते, म्हणून बागेची जागा निवडतानाच उतार मोजावा लागे. सौंदर्य म्हणून जे डोळ्यांत भरते ते मुळात सिंचनाचे तंत्र आहे, हे येथे जितके उघडपणे दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. या मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट होय. तरीही ताटव्यांची निगा राखणारा माळी त्या लेखात नाही. खुलताबादची बनी बेगम बाग आणि औरंगाबादच्या दिल्ली दरवाजाजवळील हिमायत बाग या त्याच परंपरेतील असून, त्यांपैकी हिमायत बागेची कथा पुढे परभणीशी जोडली गेली.

माळ्याचे कामाचे आयुष्य कसे होते, हे जाणण्यासाठी त्याच्या कामाची परिभाषाच पुरेशी बोलकी आहे. झाडाच्या बुंध्याभोवती गोल आळे करणे, पाण्याचे बारे धरणे, म्हणजे पाट फोडून एकेका वाफ्यात पाणी वळवणे, खुरपणी, छाटणी आणि कलमे बांधणे ही त्याची रोजची कामे. आंब्याला कोय कलम किंवा भेट कलम, मोसंबीला रंगपूर लिंबू वा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणे, म्हणजे हव्या त्या जातीची कळी सालीत बसवणे, अशा प्रत्येक कृतीला वेगळा हात आणि वेगळा हंगाम लागतो. यांत सर्वाधिक कसब बहार धरण्यात आहे. मोसंबी, संत्रा, डाळिंब यांसारख्या झाडांना वर्षात मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येऊ शकतात. त्यांतील हवा तो बहार भरघोस यावा म्हणून माळी झाडाला ताण देतो, म्हणजे जमिनीच्या मगदुरानुसार महिना ते दोन महिने पाणी तोडतो, पाने पिवळी पडून गळू लागेपर्यंत थांबतो आणि मग हलक्या मशागतीनंतर बेताबेताने पाणी देऊ लागतो. ताण कमी पडला तर फूल कमी येते, आणि अति झाला तर झाडच हातचे जाते. पाणी केव्हा द्यावे याइतकेच ते केव्हा देऊ नये हे कळणे, हा ज्ञानाचा इतका सूक्ष्म भाग आहे की तो केवळ पुस्तकातून शिकणे कठीण, आणि बापाच्या मागे मळ्यात फिरणाऱ्या मुलाकडेच तो बहुधा आला. तेराव्या शतकात अरण येथे मळा राखणाऱ्या संत सावता माळी यांनी याच कामाला भक्तीचे स्थान दिले, ही मराठी समाजाने माळ्याच्या श्रमाला दिलेली सर्वांत मोठी मान्यता होय.

आधुनिक अर्थाने व्यवसाय म्हणून उद्यानरचना मराठी राज्यकर्त्यांच्या आश्रयाने रुजली ती बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1879 मध्ये बडोद्यात मोठी सार्वजनिक बाग उभारली, आणि लंडनजवळील क्यू उद्यानात काम केलेले गुस्ताव क्रुंबीगल हे जर्मन तज्ज्ञ 1893 मध्ये त्यांच्या सेवेत आले. क्रुंबीगल पुढे बंगळूरला गेले आणि तेथील रस्त्यांवर त्यांनी वर्षभर कोणते ना कोणते झाड फुललेले राहील अशा क्रमाने वृक्ष लावले. पुण्यात एम्प्रेस गार्डन सांभाळणाऱ्या संस्थेने पुष्पप्रदर्शने भरवून बागकामाची आवड मध्यमवर्गापर्यंत नेली. हैदराबादच्या निजामाच्या राज्यातील मराठवाड्याला मात्र यांतले फारसे काही लाभले नाही.

परभणीचे महत्त्व वेगळ्या मार्गाने वाढले. हैदराबाद संस्थानाने 1918 मध्ये येथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र, म्हणजे पिकांच्या चाचण्यांसाठी राखलेली शेतजमीन, सुरू केले. 1956 मध्ये कृषी महाविद्यालय निघाले आणि 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, ज्याला 2013 पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. परभणीचे कापूस संशोधन केंद्र महेबूब बाग प्रक्षेत्रावर आहे आणि औरंगाबादच्या हिमायत बागेत याच विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र व रोपवाटिका आहे. राजाच्या विसाव्याची जागा शेतकऱ्याला कलमे पुरवणारी झाली, हे स्थित्यंतर मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात नोंदवण्याजोगे आहे. बागेचे ज्ञान सार्वजनिक भाषणातून देण्याची प्रथाही येथेच रुजली. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, 18 मे रोजी, भरणारा खरीप मेळावा आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबरला, भरणारा रब्बी मेळावा यांत शास्त्रज्ञ व्याख्यान देतात, शेतकरी प्रश्न विचारतात आणि चर्चा बहुधा बहार, खुंट व पाणी यांवरच येऊन ठेपते. आकाशवाणीच्या परभणी केंद्राने शेतीविषयक कार्यक्रमांतून हेच बोलणे, मेळाव्याला जाऊ न शकणाऱ्या घरांपर्यंत पोहोचवले. बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान अशा रीतीने प्रथमच जातीच्या आणि घराच्या बाहेर पडले, ही या व्याख्यानांची खरी कामगिरी होय.

पाण्याचे चित्रही या काळात पालटले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन 1976 मध्ये झाले आणि त्याचा सुमारे 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात पोहोचला. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे झाली. मोटेच्या जागी विजेचा पंप आणि पाटाच्या जागी ठिबक, म्हणजे नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी पाणी देण्याची पद्धत, आली. पाणी बटण दाबताच येऊ लागल्यावर बाग आखताना उतार व साठा पाहण्याची सवय सुटली आणि गावोगावच्या नव्या उद्यानांत सर्वाधिक पाणी पिणारी हिरवळ व परदेशी शोभेची झाडे यांना प्राधान्य मिळाले. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा या पद्धतीचा फोलपणा मराठवाड्यापुढे उघड झाला. कडुनिंब, आपटा, कांचन, बहावा, पळस यांसारखी या मातीत आणि या उन्हात टिकणारी झाडे, सखल ताटवे आणि पावसाचे पाणी अडवणारे उतार यांवर आधारलेली बागच येथे योग्य होय.

ताडकळस आणि पूर्णा तालुक्यातील इतर गावांत नवे उद्यान आखण्याआधी ग्रामपंचायतींनी शिवारातील जुन्या विहिरी, बारवा आणि पाटांच्या खुणा मोजून त्यांची नोंद करावी, आणि मोटेवर काम केलेले वृद्ध माळी हयात असेपर्यंत त्यांच्या कामाची माहिती त्यांच्या नावांसह लिहून घ्यावी.