तबकडी जुनी, चित्र नवे

सप्टेंबर २००३. कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या चार जपानी कंपन्यांनी ‘एचडीव्ही’ हे मानक जाहीर केले. घरगुती कॅमेऱ्यातील त्याच चिमुकल्या मिनीडीव्ही कॅसेटवर आता १४४० × १०८० बिंदूंचे चित्र मावू लागले. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे. गुणाकार करून पाहा, फरक बरोबर पावणेचार पट भरतो.

म्हणजे घरातल्या कॅमेऱ्याला जे दिसत होते, ते घरातल्या तबकडीला पेलवत नव्हते. कॅमेरा थेट टीव्हीला जोडला तर बारसे, मुंज सारे लख्ख दिसे. पण मामाकडे प्रत पाठवायची तर डीव्हीडीच हवी, आणि तीवर चित्र उतरवताना पावणेचारातला एकच भाग उरे. पुढे कित्येकांनी ‘डीव्हीडी झाली’ म्हणून मूळ कॅसेटवर दुसरे चित्रण केले असेल, तर खरे चित्र तिथेच संपले.

२००६ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन प्रतिस्पर्धी तबकड्या बाजारात आल्या. कोरी ब्लू-रे २५ जीबीची; एचडीव्हीचे दोन तासांहून अधिक चित्रण तीत सहज बसे. मात्र ती लिहिणारे यंत्र महाग, आणि कोणता पक्ष टिकणार हेही कुणाला ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी मे महिन्यात सोनी आणि पॅनासोनिक यांनी ‘एव्हीसीएचडी’ आणले. मला या साऱ्या कथेतला हा सर्वांत चतुर डाव वाटतो. तबकडी साधी, स्वस्त डीव्हीडीच. पण तीवरची फोल्डरांची मांडणी ब्लू-रेच्या वळणाची आणि चित्र एच.२६४ पद्धतीने दाबलेले. ब्लू-रे प्लेअरला हे मानक मान्य असेल, तर तो ती पूर्ण तपशिलासह दाखवी. किंमत मोजावी लागे ती वेळेत. डीव्हीडीवर सेकंदाला १८ मेगाबिटांची मर्यादा होती. त्या वेगाने ४.७ जीबीत जेमतेम ३५ मिनिटे बसत. लग्नाचा एक विधी, फार तर दोन!

दिसायला मात्र ती इतर डीव्हीडींसारखीच, आणि घोटाळा तिथेच होई. अशी तबकडी साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घालू नका, ती बाहेर येणार नाही किंवा तीवरचे चित्रण पुसले जाईल, असा इशारा कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत छापलेला असे. मामाकडे कोणता प्लेअर आहे, हे आधी विचारणे आले.

१९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार जाहीर केली. ब्लू-रे जिंकली; पण तोवर कॅमेरे मेमरी कार्डाकडे वळू लागले होते, आणि काही वर्षांत टीव्हीलाच यूएसबीचे छिद्र आले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. त्याच घोषणेत आणखी एक नाव होते: मिनीडीव्ही कॅसेट.