२४०० कोटी किलोमीटर दूरच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती कशी झाली?

वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, गाडी या सगळ्यांत एक छोटा कॉम्प्युटर दडलेला असतो. ठरलेलंच काम करणाऱ्या अशा कॉम्प्युटरला ‘एम्बेडेड सिस्टीम’ म्हणतात. तो बिघडला तर मेकॅनिक येऊन सर्किट बोर्ड बदलतो. पण तो कॉम्प्युटर अंतराळात असेल तर?

नेमकं काय बिघडलं?

५ सप्टेंबर १९७७ रोजी झेपावलेलं ‘नासा’चं व्हॉयेजर-१ ही पृथ्वीपासून सर्वांत दूर गेलेली मानवनिर्मित वस्तू आहे. २०१२ मध्ये ते ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचलं. १४ नोव्हेंबर २०२३ पासून मात्र त्याच्याकडून येणारी माहिती वाचताच येईना. यान पृथ्वीवरच्या आज्ञा ऐकत होतं, पण उत्तरादाखल शून्य आणि एकचा तोच तो क्रम पाठवत होतं.

दोष कसा सापडला?

यानापर्यंत संदेश पोहोचायला तेव्हा साधारण साडेबावीस तास लागत होते आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणजे एक प्रश्न विचारला की जवळपास दोन दिवस थांबायचं!

मार्च २०२४ मध्ये इंजिनीअर्सनी एक वेगळी आज्ञा पाठवून पाहिली. उत्तरात संपूर्ण मेमरीची नक्कल हाती आली. जुन्या नकलेशी ती ताडून पाहिल्यावर कळलं, की माहितीची जुळवाजुळव करणाऱ्या कॉम्प्युटरची सुमारे ३ टक्के मेमरी खराब झाली आहे. कारण होतं एक निकामी चिप.

मग तोडगा काय काढला?

चिप बदलणं अशक्य होतं. तिच्यातला प्रोग्राम दुसरीकडे हलवावा, तर तो अख्खा मावेल एवढी सलग जागा मेमरीत कुठेच नव्हती. म्हणून प्रोग्रामचे तुकडे करून मिळेल त्या जागी बसवायचं ठरलं. घर बदललं की सगळीकडे नवा पत्ता कळवावा लागतो, तसं इतर प्रोग्राममध्ये असलेले या तुकड्यांचे जुने पत्तेही बदलावे लागले.

पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला गेला. २० एप्रिलला यानाने पाच महिन्यांनंतर प्रथमच स्वतःच्या तब्येतीची नीट खबर दिली. जूनपर्यंत चारही वैज्ञानिक उपकरणांकडून माहिती पुन्हा येऊ लागली.

हार्डवेअरला हात लावता येत नसेल, तर सॉफ्टवेअरने वाट काढता येते. फक्त त्यासाठी यंत्राची रचना बारकाईने माहीत असावी लागते. ४६ वर्षांच्या या यानाला त्याच जाणकारीने पुन्हा बोलतं केलं.