परवान्याच्या फाईलीतला गोवा

घर बांधायचे ठरले की आमच्या गोव्यात माणूस आधी गवंड्याकडे जात नाही, आजोबांची पेटी उघडतो. पेटीत पोर्तुगीज भाषेतला एखादा पिवळा कागद निघतो. कधी भावाभावांतल्या वाटणीचा, कधी नुसती फोर भरल्याची पावती. घरात तो कोणालाच वाचता येत नाही, पण टाकूनही देववत नाही. मग तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोक आमच्यासारख्यांच्या टेबलापुढे येतात. मी सरकारी कारकून. बी. ए.ला इतिहास घेतला होता, त्याचा उपयोग नोकरीत होईल असे कधी वाटले नव्हते. पण बांधकाम परवान्याची एक जाड फाईल नीट उलगडून पाहिली, तर पाचशे वर्षांचा गोवा एकाच दोरीत ओवलेला सापडतो.

तळाशी असते ती गावकरी. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावाची जमीन गावकऱ्यांच्या समाईक मालकीची होती. पोर्तुगीजांनी ती पद्धत मोडली नाही, लिहून घेतली. अफोंसो मेशिया याने १५२६ साली तयार केलेला 'फोराल' हा त्याचा पहिला मोठा लेखी पुरावा. पडीक जमीन मागणाऱ्याला ठरावीक फोर घेऊन देण्याचा गावकऱ्यांचा अधिकार त्यात नोंदला आहे. म्हणजे त्या काळी घरासाठी जागा मागायची तर गावकऱ्यांच्या सभेपुढे उभे राहायचे. पुढे गावकरीची कोमुनिदाद झाली. काही गावांचे जुने दप्तर गोयकानडीत आणि मोडीत आहे, नंतरचे पोर्तुगीजमध्ये. आज कोमुनिदादीच्या जमिनीवर घर असलेल्या माणसाची फाईल अडते, तेव्हा तिचे एक टोक तिथवर गेलेले असते.

पणजीचे उदाहरण घेऊ. राजधानी खरी, पण २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती जेमतेम चाळीस हजार. मुळात हा ताळगाव गावचा एक वाडा. १७५९ साली व्हाइसरॉय जुने गोवे सोडून इथे आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू याने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले आणि १८४३ मध्ये 'नोव्हा गोवा' म्हणून हे शहर राजधानी झाले. जुने गोवे ओस पडत होते, तिथल्या इमारतींचा चिरा नव्या शहराच्या भिंतींना लागला. असे शहर वरून आखले गेले. रस्ता कुठून जाईल हे सरकारने ठरवले आणि घराने त्या रेषेला तोंड करून उभे राहायचे. फोंतैन्यश म्हणजे आमचे मळे मात्र नारळीच्या भाटात उठलेली वस्ती. तिथल्या अरुंद वाटांत फिरले की दोन्हींतला फरक पायांनाच कळतो. आज हाच भाग जतन क्षेत्र आहे, आणि तिथे जुनी खिडकी बदलायची तरी वेगळी परवानगी लागते.

खिडकीवरून आठवले. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० मध्ये गोव्यात लागू झाला. विवाह आणि वारसा यांच्यासाठी त्याचे नाव सगळ्यांना माहीत असते, पण शेजारधर्मही त्यात कलमवार लिहिला होता. शेजाऱ्याच्या जमिनीकडे थेट उघडणारी खिडकी ठेवायची तर मध्ये दीड मीटर जागा सोडायची. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडता कामा नये. आपल्याकडे पागोळ्यांवरून तीन-तीन पिढ्या अबोला धरलेली घरे आहेत, त्यांना हे कलम तोंडपाठ असते! आजच्या नियमांत बाजूचे अंतर मोकळे सोडावे लागते, ते लोकांना नवे जाच वाटते. त्याची जुनी आवृत्ती पणजोबांनीही पाळली होती, किंवा मोडली होती.

त्या काळातली खरी अडचण भाषेची. अर्ज म्हणजे 'रिकेरिमेंत', तो 'पापेल सेलाद' या मुद्रांकित कागदावर आणि पोर्तुगीजमध्येच. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीतला माणूस मराठीत हिशेब ठेवी, मराठीत पोथी वाची. कामरात, म्हणजे पालिकेत, पाऊल टाकताच तो निरक्षर ठरे. मग प्रोकुरादोर गाठायचा, नोटर गाठायचा, आणि ते लिहितील त्यावर विश्वासाने सही ठोकायची. पेटीतला कागद आज कोणाला वाचता येत नाही असे मी वर म्हटले. ज्याने तो करून घेतला त्यालाही तो बहुधा वाचता येत नव्हता.

त्यातच जमिनीची नोंद दोन ठिकाणी. भूनोंदणीच्या दप्तरात मालमत्तेचे 'वर्णन' आणि कोणाच्या नावे ती चढली याची नोंद. आणि 'मात्रिस' वेगळे, ते कर आकारणीसाठी. वर्णन तरी कसे? पूर्वेला अमक्याचे भाट, पश्चिमेला ओहोळ, दक्षिणेला वाट. आता ओहोळ बुजला, वाट डांबरी झाली आणि भाटाचे वारस चार देशांत पांगले. हे वर्णन आजच्या सर्व्हे नंबराशी जुळवून दाखवा, असे आम्ही अर्जदाराला सांगतो. सांगायला सोपे आहे.

१९६१च्या मुक्तीनंतर नवे थर चढले. १९६८ मध्ये पालिका कायदा आणि जमीन महसूल संहिता, १९७४ मध्ये नगर आणि ग्राम नियोजन कायदा. सत्तरच्या दशकात मोजणी होऊन गावांत एक-चौदाचा उतारा आला, शहरांत चलता नंबर आणि फॉर्म डी. आज शहरात घर बांधणाऱ्याने आधी आपली जमीन आराखड्यात कोणत्या रंगात आहे ते पाहायचे, शेतीची असेल तर रूपांतराची सनद घ्यायची, आर्किटेक्टकडून नकाशे काढून नियोजन प्राधिकरणाची मंजुरी मिळवायची, मग पालिकेचा बांधकाम परवाना. घर उभे राहिल्यावर पुन्हा पूर्णत्वाचा आणि वापराचा दाखला. लोक याला कारकुनी छळ म्हणतात. थोडा आहेच, मी नाकारत नाही. पण हा रंग नसता तर आमची खाजन शेते कधीच प्लॉट झाली असती. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि २००७ मध्ये तो रद्द करावा लागला, ते नकाशावरच्या रंगासाठीच.

माझे दुःख वेगळ्या माणसाबद्दल आहे. मुंडकार! घर त्याचे, जमीन भाटकाराची. एक म्हातारी बाई काही वर्षांपूर्वी आमच्याकडे वरचेवर यायच्या. भर पावसात त्यांची मातीची भिंत कोसळली होती, तिथे चिऱ्याची उभारायची होती. हातात सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या घरपट्टीच्या पावत्या, तारखेवार लावलेल्या. घरपट्टी भरली म्हणजे घर आपले, असे त्यांना वाटायचे. घरपट्टीने मालकी सिद्ध होत नाही, हे वाक्य मी त्यांना तीनदा सांगितले. मालकाची संमती आणा म्हटले, तर मालकांचे निम्मे वारस पोर्तुगालमध्ये.

आता १९७५चा मुंडकार कायदा त्यांच्या बाजूचा आहे. घालवून देण्यापासून संरक्षण, डागडुजीचा हक्क, आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटरपर्यंत. पण मुंडकार म्हणून आधी मामलेदाराकडे नोंद हवी. ती करायला त्यांच्या घरातले कोणी गेलेच नव्हते, कारण त्या पिढीत भाटकाराविरुद्ध कागद करणे म्हणजे बेइमानी वाटायची. बाईंनी ताडपत्री बांधून दोन पावसाळे काढले. तिसऱ्या वर्षी नोंद झाली आणि भिंतही. मधल्या काळात त्याच वाड्याच्या टोकाला दोन मजली इमारत उभी राहिली, तिचे कागद मात्र चोख होते.

अशा घरांसाठी सरकारने पुन्हा पुन्हा दार किलकिले केले आहे. २०१६च्या कायद्याने स्वतःच्या जमिनीवरची, २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची विनापरवाना बांधकामे नियमित करण्याची सोय केली. २०२५ मध्ये सरकारी आणि कोमुनिदादीच्या जमिनीवरील जुन्या घरांसाठी कायदादुरुस्ती झाली. तिच्यावर कोमुनिदादींचा आक्षेप आहे, आणि तो निव्वळ आडमुठेपणा नाही. १५२६ साली ज्यांना जमीन देण्याचा अधिकार लिहून दिला होता, त्यांना न विचारता ती कशी द्यायची, हा प्रश्न आहेच. मात्र त्या घरात जन्मून म्हातारा झालेला माणूस जाणार कुठे, याचे उत्तर फोरालात सापडत नाही.

तुमच्याही पेटीत तसा कागद असेल तर वाळवीने खाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा आणि भाषांतर करून घ्या, पोर्तुगीज वाचणारे जुने लोक आता थोडे उरलेत. मूळ दप्तर शोधायचे तर निबंधकाच्या कचेरीत आणि पणजीच्या पुराभिलेखागारात जावे लागेल. १५९५ मध्ये दियोगु द कोतु याच्या हाती सोपवलेला तोच हा संग्रह. तिथे नुसता सर्व्हे नंबर घेऊन जाऊ नका, त्या दप्तरांना तो ठाऊक नाही. गाव, वाडा, भाटाचे जुने नाव आणि पणजोबांचे पूर्ण नाव घेऊन जा.