बंदुकीचा दस्ता : लाकूड व लोखंड यांची सोयरीक

जुन्या शस्त्रांची वर्णने वाचताना तोफ, नळी व दारू यांची माहिती पुष्कळ मिळते. परंतु नळी ज्याच्या आधाराने राहते त्या लाकडी दस्त्याकडे सहसा कोणी वळत नाही. लाकूड व लोखंड हीच ज्यांची पिढीजात उपजीविका, त्या आपल्या ज्ञातिबांधवांनी तरी ही उपेक्षा करू नये.

बार उडताच नळी मागे रेटते व तो धक्का दस्ता सोसतो. नळीचे बूड खाचेत सर्वत्र सारखे टेकलेले नसले, तर सारा भार एकाच जागी येऊन लाकूड उकलते. यास्तव युरोपातील कारागीर लोखंडी भागास काजळी फाशीत, तो खाचेत दाबून पुन्हा काढीत आणि जेथे काळा डाग उमटे तेवढेच लाकूड पटाशीने खरवडीत. असे कितीदा करावे लागे, हे सुतारास सांगावयास नकोच. टवका जास्त निघाला की तो परत चिकटत नाही. आणि लाकूड ओले असले तर सुकताना सांधा ढिला होऊन सारेच श्रम वाया.

आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीची रीत निराळी. तिची नळी बहुधा चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी दस्त्यास आवळीत, कानाजवळ दोन्ही अंगांस लोखंडी पत्र्या जडवीत, आणि तोडा धरणारा आकडा दस्त्याच्या चिरेतून वर येई. या कामास ओबडधोबड म्हणणे मला मान्य नाही. वादी तुटली तर दुसरी कोणत्याही गावी मिळे. फ्रेंचांनीही १७२८ च्या नमुन्यात नळी धातूच्या कड्यांनीच बांधली. इंग्रज मात्र पुष्कळ काळ आडव्या खिळ्यांवर विसंबून राहिले व १८५३ च्या एनफील्ड बंदुकीत तीन कड्यांवर आले.

हातकामावर पहिला घाव यंत्राचा पडला. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड याने १८१९ मध्ये दस्ता कोरणारे यंत्र सिद्ध केले. पुढे स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात खाचाही यंत्रे पाडू लागली. तशी यंत्रे १८५० नंतरच्या दशकात एनफील्डच्या कारखान्यानेही अमेरिकेतून आणविली.

येथे दुसरा घाव कायद्याचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक घडविणे व विकणे गुन्हा ठरला. नांगर व बैलगाडी यांवर बंदी नव्हती. तापलेली धाव चाकावर चढवून पाण्याने आवळताना लोखंड किती आखूड ठेवावे, यासही तीच नजर लागे.