बाळ काचेत, आई जिन्यात

(पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.)

आपल्याकडं दिवस भरायच्या आत मूल जन्मलं की घरचे फोनवर एकच वाक्य सांगतात, "बाळाला काचेत ठेवलंय." पुढचं विचारावं लागत नाही. बाळ आत आणि आई बाहेर, हे ऐकणाऱ्याला कळलेलं असतं.

2009 साली आमची थोरली आठव्या महिन्यातच झाली. वजन दीड किलोच्या आत. बायको अकरा दिवस त्या दाराबाहेर बसून होती. टाके ओले, दूध वाटीत काढायचं, सिस्टरच्या हातात द्यायचं, एवढाच मायलेकींचा संबंध. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. परवा एका बातमीसाठी एका सरकारी रुग्णालयात गेलो, तर जिन्यात तशाच तीन बाया मांडीवर वाटी घेऊन बसलेल्या. इतक्या वर्षांनी! डोक्यातून जाईना. म्हटलं, ही काच आली कुठून ते तरी बघू.

तर गोष्ट कोंबड्यांपासून सुरू होते. पॅरिसच्या प्रसूतिगृहातले डॉक्टर स्तेफान तार्निए 1878 साली प्राणिसंग्रहालयात गेले. तिथं अंडी उबवायची पेटी बघून त्यांना सुचलं, की अशीच पेटी कमी दिवसांच्या बाळांसाठी का नको? प्राणिसंग्रहालयातल्याच कारागिराकडून त्यांनी ती बनवून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळं. दोन किलोच्या आतल्या बाळांचे मृत्यू 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आले. फक्त उबेनं! ना औषध, ना ऑक्सिजन. आपल्या आज्या बाजेखाली शेगडी ठेवून हेच करायच्या, असं लिहायचा मोह होतो. पण त्याच आज्या पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायला लावायच्या आणि जन्मल्या जन्मल्या बाळाला न्हाऊ घालायच्या, तेही लिहायला हवं.

पुढं ही पेटी जत्रेत गेली. खरंच सांगतोय. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ 1903 पासून चाळीस वर्षं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, पाळणे आणि खेळांच्या गर्दीत, पेट्यांमधली जिवंत बाळं दाखवायचा. तिकीट 25 सेंट. तो रीतसर डॉक्टर होता की नाही याचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही. पण बाळांच्या आईबापांकडून त्यानं पैसा घेतला नाही, तिकिटाच्या पैशावर नर्सा ठेवल्या आणि हजारो जीव वाचवले. दवाखाने ज्यांना घ्यायला तयार नव्हते अशी ती बाळं.

पेटी अखेर दवाखान्यात स्थिरावली तेव्हा तिच्याबरोबर एक नियम आला: बाहेरच्यांनी आत यायचं नाही. भीती जंतूंची होती आणि ती खोटी नव्हती. फक्त 'बाहेरच्यां'मध्ये आईही धरली गेली. तार्निएंचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी 1900 च्या सुमारासच बजावलं होतं, की बाळापासून तोडलेल्या आईचं दूधही आटतं आणि ओढही. त्यांचं म्हणणं पुस्तकात राहिलं.

ते दार उघडलं गरिबीनं. 1978, कोलंबियातलं बोगोटा शहर. सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, जंतुसंसर्गानं मृत्यू, आणि कित्येक आया बाळ तिथंच सोडून निघून जायच्या. डॉ. एडगार रे यांनी बाळ उघड्या अंगानं आईच्या छातीवर उभं बांधायला सुरुवात केली. कांगारूसारखं. ऊब आईची, दूध आईचं. श्रीमंत देशातले डॉक्टर बराच काळ याला 'पेट्या परवडत नाहीत म्हणून केलेला जुगाड' समजत राहिले.

आपल्या महाराष्ट्राचा धागा इथंच जोडावा लागेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1990 च्या दशकात 39 गावांमधल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. ऊब, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, ती याच कामाची वाट.

दुसऱ्या बाजूनं सरकारी दवाखान्यांतले कक्ष उभे राहिले. 2003 साली पश्चिम बंगालच्या पुरुलियात जिल्हा पातळीवरचा पहिला एसएनसीयू झाला, आज देशात नऊशेहून जास्त आहेत. 2011 पासून तिथले उपचार मोफत. हे छोटं काम नाही. श्वास अडकलेल्या बाळाला ऑक्सिजन, यंत्र आणि शिकलेली नर्सच लागते, तिथं नुसती माया चालत नाही. पण यंत्राच्या भरवशावर ठेवलेलं बाळ वायरिंगच्याही भरवशावर असतं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. 17 पैकी 10 बाळं गेली.

त्याच वर्षी मे महिन्यात एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. पाच देशांतली पाच रुग्णालयं, त्यात दिल्लीचं सफदरजंग. बाळं 3211, वजन एक किलो ते एक किलो आठशेच्या आत. निम्म्या बाळांना नेहमीसारखं आधी वॉर्मरवर ठेवलं. निम्म्यांना जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, म्हणजे आईचीच खाट अतिदक्षता कक्षात आणली. यंत्रं, ऑक्सिजन सगळं बाजूला होतंच. पहिल्या गटात 15.7 टक्के बाळं दगावली, दुसऱ्यात 12. फरक इतका उघड होता की अभ्यास मध्येच थांबवला, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं योग्य ठरेना. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं हीच पद्धत सांगितली.

आणि आपल्या केंद्र सरकारनं तर 2017 सालीच लिहून दिलंय, की आईवडिलांना हात धुवायला शिकवा, गाऊन द्या, आत घ्या, बाळाच्या सेवेत सामील करा. कागद आहे. मी ज्या जिन्यात उभा होतो तिथल्या सिस्टरलाही तो माहीत होता. ती म्हणाली, "दादा, आत खुर्ची ठेवायला जागा कुठंय? आणि रात्री आम्ही दोघीच. आयांना कोण शिकवणार?" तिच्यावर राग धरता येईना.

म्हणून इथल्या रुग्ण कल्याण समितीला पत्र दिलंय. मागणी तीनच: टेकून बसायच्या चार खुर्च्या, धुतलेले गाऊन आणि रात्रपाळीला एक जादा नर्स. पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणालेत. काय होतं ते इथंच लिहीन. तोवर, ज्यांच्या घरचं बाळ गेल्या दोन-तीन वर्षांत काचेत होतं, त्यांनी एवढंच कळवा: आईला आत सोडलं का, आणि कितव्या दिवशी?