पुणे चॅलेंजर : पुरुष दुहेरी

पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथे भरणाऱ्या एटीपी चॅलेंजर टेनिस स्पर्धेतील दुहेरीची लढत. २०१४मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना भरवते. २०१९पर्यंत ती केपीआयटी-एमएसएलटीए चॅलेंजर या नावाने ओळखली जाई. खंडानंतर २०२३पासून ती पुन्हा सुरू झाली आणि ‘महा ओपन’ हे नाव तिला मिळाले. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील हार्डकोर्टवर सामने होतात. भारताच्या दुहेरीतील गेल्या दशकभराच्या वाटचालीत या लढतीचे स्थान तिच्या दर्जापेक्षा मोठे आहे.

दर्जा : व्यावसायिक पुरुष टेनिसच्या उतरंडीत ग्रँड स्लॅम आणि एटीपी टूर (१०००, ५०० व २५० गुणांच्या स्पर्धा) वर, आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धा तळाशी आणि चॅलेंजर टूर या दोहोंच्या मध्ये येते. चॅलेंजर स्पर्धेच्या दर्जाचा आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. दुहेरीत हे गुण जोडीतील दोघांनाही पूर्ण मिळतात, बक्षिसाची रक्कम मात्र दोघांत वाटली जाते आणि ती एकेरीपेक्षा कमी असते. गुण ५२ आठवडे टिकतात. त्यामुळे आदल्या वर्षीच्या विजेत्याला पुढच्या वर्षी तेवढीच कमाई करावी लागते, नाहीतर क्रमवारीत घसरण होते.

स्वरूप : चॅलेंजर दुहेरीत सहसा १६ जोड्या असतात. म्हणजे विजेतेपदासाठी चार सामने जिंकावे लागतात. प्रवेश आणि मानांकन जोडीतील दोघांच्या क्रमवारीची बेरीज पाहून ठरते. पहिल्या चार जोड्यांना मानांकन मिळते. काही जागा यजमान संघटना वाइल्ड कार्डने देते आणि त्यातून स्थानिक तरुणांना या पातळीवर खेळायची संधी मिळते. सामना तीन सेटचा असतो, पण तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळतात आणि त्यात दोन गुणांची आघाडी आवश्यक असते. ४०-४० अशी बरोबरी झाली की पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो. तो कोणत्या बाजूने घ्यायचा, हे सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवते. एटीपीने हे नियम २००६पासून दुहेरीत रूढ केले. सामने आटोपशीर झाले, पण चुकीला वाव उरला नाही. एखादा कच्चा परतीचा फटका गेम घालवतो आणि टायब्रेकमधले दोन-तीन गुण सबंध सामना फिरवतात.

विजेते : २०१४च्या पहिल्या स्पर्धेत साकेत मायनेनी आणि सनम सिंग यांनी थायलंडच्या सांचाई व सोंचाट रतिवताना या जुळ्या भावांना हरवले. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत या भारतीय जोडीने रौप्यपदक मिळवले होते. २०१५मध्ये गेरार्ड ग्रानोयेर्स आणि आद्रियान मेनेंडेझ मासेइरास हे स्पॅनिश खेळाडू विजेते ठरले, तर दिविज शरण ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियन नॉयख्रिस्टसह उपविजेता राहिला. पुढच्याच वर्षी शरणने मुंबईच्या पूरव राजाच्या साथीने हे विजेतेपद पटकावले. या दोघांनी त्याआधी बोगोटा (२०१३) आणि लॉस काबोस (२०१६) येथे एटीपी टूरवरील दुहेरी जिंकली होती.

२०१८मध्ये विजय सुंदर प्रशांत आणि रामकुमार रामनाथन ही तमिळनाडूची जोडी जिंकली. २०१९च्या अंतिम सामन्यात चौघेही भारतीय होते : पूरव राजा-रामकुमार यांनी पुण्याचा अर्जुन कढे आणि मायनेनी यांच्यावर ७-६, ६-३ अशी मात केली. रामकुमारचे हे सलग दुसरे विजेतेपद, तर राजाचे पुण्यातील दुसरे. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर २०२३मध्ये अनिरुद्ध चंद्रशेखर आणि विजय सुंदर प्रशांत यांनी बाजी मारली.

महत्त्व : एकेरीत पहिल्या शंभरात टिकणे भारतीय खेळाडूंना फार थोड्या वेळा जमले. दुहेरीत मात्र जाळ्याजवळची चपळाई, व्हॉली आणि साथीदाराशी ताळमेळ यांच्या बळावर अनेकांनी दीर्घ कारकीर्द घडवली. अशा कारकिर्दीला वरच्या स्पर्धांत प्रवेश देणारी क्रमवारी चॅलेंजरमधूनच बांधावी लागते. परदेशवाऱ्यांचा खर्च पदरचा करणाऱ्या खेळाडूला घरच्या मैदानावर हे गुण मिळणे ही मोठी मदत असते.

या लढतीचे मोल बालेवाडीतच सिद्ध झाले. २०१८ ते २०२३ या काळात याच संकुलात महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० दर्जाची स्पर्धा होत असे. २०१६चा चॅलेंजर विजेता शरण २०१९मध्ये रोहन बोपण्णासह ती जिंकला, आणि दोनदा चॅलेंजर जिंकलेला रामकुमार २०२२मध्ये बोपण्णासहच तिचा विजेता ठरला. शरण-बोपण्णा जोडीने २०१८च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण, तर रामकुमार-मायनेनी जोडीने २०२३मध्ये हांगचौ येथे रौप्य मिळवले. २०१९चा उपविजेता कढे याने ऑक्टोबर २०२४मध्ये रित्विक बोल्लिपल्लीसह अल्माटी येथे एटीपी टूरवरील आपले पहिले विजेतेपद मिळवले.

महाराष्ट्र ओपनचे पुण्यातील २०२३ हे शेवटचे वर्ष ठरले. मोठी स्पर्धा गेल्यानंतरही चॅलेंजर चालू राहिली, म्हणूनच महाराष्ट्रातील दुहेरीपटूला व्यावसायिक टूरची पायरी घराजवळ उपलब्ध राहिली. ती टिकवणे हे राज्यातील टेनिससाठी एखादी बडी स्पर्धा आणण्याइतकेच महत्त्वाचे आहे.